अठरावी गाडी

राग्नानं मला तिच्या कॅम्पर व्हॅनमधून डोंगर आणि तळी दाखवायला नेते असं म्हटलं, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. जी बाई एकोणीस वर्षं माझ्या दुकानाची पायरी चढली नाही, स्वतःचे केस घरच्या कात्रीनं कापत राहिली, ती एके दिवशी कुंपणापाशी येऊन म्हणते, "माग्नी, चार दिवस चल माझ्याबरोबर." यात काहीतरी काळंबेरं असणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला कळलं नाही. फुकटची सहल म्हटली की माझी अक्कल चरायला जाते.

मी आमच्या खोऱ्यात एकतीस वर्षं केस कापते आहे. माझ्या खुर्चीत बसलेलं माणूस डोक्यानं हलकं होतं आणि मनानंही, आणि तिथं जे सांडतं ते संध्याकाळपर्यंत चर्चपासून पेट्रोलपंपापर्यंत पोचतं. मुद्दाम मी काही करत नाही. पण माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे मी कधी नाकारलेलंही नाही. आमचं वर्तमानपत्र आठवड्यातून दोनदा निघतं. माझं दुकान रविवार सोडून रोज उघडं असतं.

राग्ना माझी शेजारीण. उंच, हाडापेरानं मजबूत, बोलायला कंजूष. आमच्या भागात बर्फगाडी, म्हणजे रस्त्यावरचं बर्फ ढकलायची गाडी, चालवणारी पहिली बाई. हिवाळ्यात ग्रोस्कारच्या घाटात वादळ सुटलं की गाड्या एकेकट्या सोडत नाहीत. फाटकाशी सगळ्यांना थांबवतात, आणि पुढं एक बर्फगाडी, मागं एक बर्फगाडी, मधे लोकांच्या गाड्या असा ताफा करून पलीकडं नेतात. पुढचा माणूस निघण्याआधी गाड्या मोजतो आणि वायरलेसवर मागच्याला आकडा सांगतो. पलीकडं उतरल्यावर मागचा माणूस तेवढ्या गाड्या मोजून घेतो आणि फाटक पाडतो. आकडा जुळला की सगळे कॉफी प्यायला मोकळे.

एकोणीस वर्षांपूर्वीच्या त्या फेब्रुवारीत पुढं एम्ब्रिक होता, मुकादम. मागं राग्ना. पलीकडं उतरल्यावर राग्नानं सतरा गाड्या मोजल्या, वहीत सतरा लिहिलं आणि फाटक पाडलं. गाड्या होत्या अठरा. अठरावी, लाल रंगाची छोटी गाडी, वाटेत रस्ता सोडून बर्फात रुतली होती, आणि त्या वादळात राग्ना तिच्या अगदी शेजारून गेली तरी तिला ती दिसली नाही. गाडीत सिग्ने होती, पलीकडच्या खोऱ्यात चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी. सहा तासांनी सापडली. जीव वाचला, पण डाव्या हाताची चार बोटं गेली.

चौकशी झाली. राग्ना म्हणाली, मला सतरा सांगितलं होतं. एम्ब्रिक म्हणाला, मी स्वतः शेवटच्या गाडीपर्यंत चालत जाऊन मोजल्या आणि अठरा सांगितलं. वारा होता, हिनं चुकीचं ऐकलं असेल. ते बोलणं तिसऱ्या कुणी ऐकलेलं नव्हतं. एम्ब्रिक मुकादम, गावात वजन असलेला, सगळ्यांच्या लग्नाला भाषण करणारा. राग्ना तोंडातून धड दोन वाक्यं न काढणारी. कुणाचं खरं मानलं गेलं हे सांगायला नको. तिला बर्फगाडीवरून उतरवलं आणि हमरस्त्यावरच्या थांब्यांचे संडास धुवायला लावलं. तिला तेव्हा सेहेचाळीसावं वर्ष होतं. निवृत्त होईपर्यंत तिनं तेच केलं.

आणि मी काय केलं? पुढच्याच आठवड्यात दुकानाच्या खिडकीतून राग्ना बादली घेऊन जाताना दिसली. मी कात्री थांबवली आणि खुर्चीतल्या बाईला म्हणाले, "गेली बघ सतरा." बाई इतकी हसली की तिचा कान थोडक्यात वाचला. आठवडाभरात ते नाव खोरंभर झालं. शाळेतली पोरं राग्ना दिसली की मोठ्यानं एक, दोन, तीन म्हणायला लागायची आणि सोळावर थांबून तिच्याकडं बघत बसायची. मला तेव्हा माझ्या विनोदाचं कौतुक वाटलं होतं. आज त्या गोष्टीची लाज वाटते, आणि ती वाटायला एवढी वर्षं लागली याची जास्त वाटते.

तर सहल. राग्नाची व्हॅन सव्वीस वर्षांची, सायीच्या रंगाची, आणि तिचं मागचं दार दोरीनं बांधावं लागायचं. पण ब्रेक तिनं स्वतः बसवलेले. पहिले दोन दिवस मी स्वर्गात होते. वरच्या तळ्यांच्या काठाला जुलै उजाडला तरी बर्फाच्या पट्ट्या होत्या आणि पाणी इतकं निवांत होतं की समोरचा डोंगर त्यात उलटा उभा होता. राग्ना सकाळी गळ टाकून मासे काढायची, मी लोण्यात तळायचे, बरोबर नवे बटाटे. दुपारी आंबट साय आणि जॅम लावून वॅफल. चिलटं चावत होती, ती चावणारच. मी बोलत होते, ती ऐकत होती. समोरून दुसरी कॅम्पर आली की ती स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलायची. ते तर आमच्याकडं सगळेच करतात. कॅम्परवाल्यानं कॅम्परवाल्याला हात केला नाही तर लोक दिवसभर चुकचुकतात. राग्नानं एकालाही चुकवलं नाही.

तिसऱ्या दिवशी ती हलेना. एकाच तळ्याशी बसून राहिली. मी म्हटलं, पुढं जाऊ या की, मला तो मोठा धबधबा बघायचाय. ती म्हणाली, उद्या. आणि घड्याळ बघितलं. सुट्टीतल्या माणसानं इतक्यांदा घड्याळ बघू नये, असं माझ्या मनात आलं आणि गेलं.

त्या संध्याकाळी मी साखर शोधायला पुढचा खण उघडला. आत वर्तमानपत्राचं कात्रण होतं. फोटोत एम्ब्रिक, सदुसष्ट वर्षांचा, पोट सुटलेला, नव्याकोऱ्या पांढऱ्या कॅम्परला टेकून उभा. कॅम्परवाल्यांच्या मंडळाचा तो अध्यक्ष झालाय हे मला माहीत होतं. पत्रकारानं विचारलं होतं, मंडळाचा मेळावा संपल्यावर परत कसे येणार. त्यानं सांगितलं होतं, रविवारी सगळ्यांना निरोप देऊन मी शेवटी निघतो, आणि जुन्या घाटानंच येतो, बोगद्यातून भित्रे जातात. त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती.

"हे काय गं?" मी विचारलं.

"साखर वरच्या कपाटात आहे," राग्ना म्हणाली.

ग्रोस्कारचा जुना घाट म्हणजे एका गाडीपुरता रस्ता. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला खाली तळं. मधे मधे निळी पाटी असते, तिच्यावर पांढरा एम. तिथं रस्ता जरासा फुगवलेला असतो, समोरासमोर आलेल्या दोन गाड्यांपैकी एकीनं त्यात शिरायचं. नियम साधा आहे आणि तो आम्हाला वर्णमालेच्या आधी शिकवतात: ज्याला एम जवळ, त्यानं मागं जायचं. मागं जाताना हसायचं, पुढच्यानं हात करायचा. यावरून आमच्याकडं भांडण झालेलं मी ऐकलेलं नाही. हा नियम न पाळणारा माणूस चोरापेक्षा खालचा.

रविवारी दुपारी राग्नानं एका एमपाशी व्हॅन उभी केली आणि दुर्बीण काढली. मी थर्मासमधली कॉफी प्यायले, दोन बिस्किटं खाल्ली, पायाला मुंग्या आल्या. तासाभरानं वरच्या वळणावर काहीतरी पांढरं चमकलं. ती थांबली. पांढरं ते आणखी दोन वळणं उतरलं, त्याच्या बाजूचा एम मागं टाकून पुढं आलं, तेव्हा तिनं दुर्बीण ठेवली आणि व्हॅन चालू केली. तीस पावलं पुढं गेली आणि एम्ब्रिकच्या नाकासमोर उभी राहिली. इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली.

"राग्ना, एम आपल्या मागं आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे."

माझ्या आयुष्यात मी अशा गाडीत कधी बसले नव्हते. एम्ब्रिकच्या मागचा एम चारशे मीटरवर, तीन वळणांपलीकडं, आणि आम्ही तीस पावलांवर असून हटत नाही. त्यानं दिवे मारले. आमच्या मागं एक गाडी आली, मग दुसरी. रविवारची दुपार, सगळे वर निघालेले. बघता बघता मागचा एम भरला आणि त्याच्याही मागं रांग लागली. आता तिच्या मनात आलं असतं तरी मागं जाता आलं नसतं. आणि रांगेत हॉर्न कुणी वाजवला नाही. आमचे लोक ते. खुर्च्या काढल्या, कॉफी ओतली, डोंगराकडं बघत बसले. फक्त एक जर्मन मोटारसायकलवाला पुढं येऊन विचारून गेला, काही बिघडलंय का. राग्ना म्हणाली, होय, पण आता दुरुस्त होईल.

पंधरा मिनिटांनी एम्ब्रिक उतरला. मागून त्याची बायको टुरिड उतरली, हातात विणकाम तसंच. तो लांबूनच हसत आला.

"एम तुमच्या मागं आहे, बाई," तो म्हणाला. मग त्यानं ओळखलं. "अगं, राग्ना तू? किती वर्षांनी. घे जरा मागं, पन्नास पावलंसुद्धा नाहीत."

"माझ्या मागं गाड्या आहेत."

"सरकतील त्या."

"किती आहेत?"

"काय किती?"

"गाड्या. मुकादम होतास ना तू? मोज."

तो माझ्याकडं वळला. हिला काय झालंय, असं त्यानं विचारलं. मग त्यानं खांदे उडवले, चवड्यांवर उंच झाला, कपाळावर हात धरून रांगेवरून बोट फिरवलं.

"अकरा. झालं समाधान?"

"नक्की?"

"मला मोजता येतं, राग्ना."

"माग्नी," ती म्हणाली, "तू चालत जा. शेवटपर्यंत."

मी गेले. लोक मला बघून मान हलवत होते. एका अवाढव्य डच कॅम्परच्या मागं, वळणाच्या पोटात, एक छोटी निळी गाडी उभी होती. आत म्हातारा-म्हातारी तपकिरी चीज लावून पाव खात होते. मला म्हातारीनं तुकडा देऊ केला. मी घेतला नाही. परत येऊन मी सांगितलं, "बारा."

एम्ब्रिक हसला. एका गाडीनं काय होतंय, असं काहीसं तो म्हणाला. म्हणाला आणि मग त्याचं त्यालाच कळलं. चेहऱ्यावरचं हसू होतं तिथंच राहिलं, पण त्याच्या मागचा माणूस निघून गेला.

बोलली ती टुरिड. तिनं विणकाम गुंडाळून काखेत धरलं होतं.

"एम्ब्रिक, त्या दिवशी तू खाली उतरला होतास ना?"

"टुरिड, गाडीत बस."

"तू मला सांगितलं होतंस, शेवटच्या गाडीपर्यंत चालत गेलो म्हणून. मी तुझे मोजे चुलीवर वाळत घातले होते. ओले नव्हते ते, मला तेव्हाच नवल वाटलं होतं. उतरला होतास का?"

आम्ही तिघी त्याच्याकडं बघत होतो. मोटारसायकलवाल्याला भाषा कळत नव्हती तरी तोही बघत होता. एम्ब्रिकनं तळ्याकडं पाहिलं.

"उणे सव्वीस होतं," तो म्हणाला. "दार उघडवत नव्हतं. आरशातून मोजल्या मी. पावाचा मोठा ट्रक होता, त्याच्या मागं ती लाल गाडी असणार. दिसली नाही."

"आणि मला आकडा काय सांगितलास?" राग्नानं विचारलं. आवाज चढवला नाही.

"इतकी वर्षं झाली, आता कशाला—"

"आकडा."

"सतरा."

"मोठ्यानं सांग. माग्नीला कमी ऐकू येतं."

माझे कान ठणठणीत आहेत. तरी मी कानामागं हात धरला.

"सतरा सांगितलं मी तुला," एम्ब्रिक म्हणाला. "तू बरोबर ऐकलंस."

मला वाटलं होतं, हे ऐकल्यावर राग्ना रडेल, नाहीतर त्याच्या थोबाडीत देईल. मी तिच्या जागी असते तर दोन्ही केलं असतं. तिनं फक्त मान हलवली आणि म्हणाली, "आता मागं जा. चारशे मीटर."

त्याला ते जमणार नव्हतं आणि ते सगळ्यांना दिसत होतं. साडेसात मीटरची गाडी, मागचा कॅमेरा धुळीनं माखलेला, तीन वळणं. टुरिडनं आत बसायला नकार दिला. ती माझ्या शेजारी येऊन चालू लागली. राग्ना त्याच्या गाडीच्या मागं जाऊन उभी राहिली आणि हात वर केला. "मी दाखवते," ती म्हणाली, "तू फक्त माझ्या हाताकडं बघ." खिडकीतून मुंडकं बाहेर काढून, मान पिरगाळून, एम्ब्रिक तिच्या हाताकडं बघत मागं यायला लागला. ये. ये. डावीकडं. ये. एकोणीस वर्षं संडास धुतलेला तो हात जसा हलेल तशी ती नवीकोरी गाडी हलत होती.

दोन वळणं नीट पार पडली. तिसऱ्यावर रस्त्याची बाहेरची कड ठिसूळ आहे, हे राग्नाला चांगलं ठाऊक होतं, तिनं त्या कडेचं बर्फ वर्षानुवर्षं ढकललेलं. तिचा हात ये म्हणत राहिला. मागचं चाक कडेवर आलं. खडे सुटले. ते खाली पडल्याचा आवाज आला नाही, इतकं खोल आहे ते. हात अजून ये म्हणत होता. मी राग्नाचा चेहरा बघितला, आणि त्यावर घाई नव्हती.

मी ओरडले नाही. टुरिडही ओरडली नाही. ही एक गोष्ट मी दुकानात सांगत नाही.

मग राग्नानं मूठ मिटली. गाडी थांबली. ती डोंगराच्या बाजूनं पुढं गेली आणि त्याच्या खिडकीपाशी उभी राहिली. एम्ब्रिकच्या हनुवटीवरून घाम गळत होता.

"तुला आतून काही दिसत नव्हतं," ती म्हणाली. "मला इथून सगळं दिसत होतं. म्हणून माणसानं खाली उतरायचं असतं."

तिथून पुढं तिनं त्याला एमपर्यंत सुखरूप नेलं. आम्ही चालत परत आलो, व्हॅन चालू केली, आणि बारा गाड्या मागं घेऊन त्याच्या शेजारून गेलो. एम्ब्रिकनं हात वर केला. सवयीनं केला असेल, नाहीतर दुसरं काय करावं हे त्याला सुचलं नसेल. राग्नाची दोन्ही बोटं स्टिअरिंगवरच राहिली. मागून येणाऱ्यांनी मात्र सगळ्यांनी त्याला हात केला, त्यांना काय माहीत.

दुसऱ्या दिवशी घरी पोचलो. कुंपणापाशी तिनं माझी पिशवी उतरवून दिली. मी म्हटलं, मला साक्षीला नेलंस होय, आधी सांगायचं तरी. खरं सांगते, मला जरा अभिमानच वाटत होता.

"साक्षीला कुणीही चाललं असतं," राग्ना म्हणाली. "नाव तू ठेवलं होतंस."

मी म्हटलं, कसलं नाव, मी नाही त्यातली. माझी जीभ खोटं बोलताना अडखळत नाही, पण त्या दिवशी अडखळली.

"संडास धुणाऱ्या बाईला सगळं ऐकू येतं, माग्नी. लोक आत बसून गप्पा मारतात." तिनं व्हॅनचं दार दोरीनं बांधलं. "एकोणीस वर्षं ते नाव चालवलंस. आता हे सांग. खुर्चीत बसेल त्या प्रत्येकाला. वरून काही घालायचं नाही, खालून काही काढायचं नाही."

म्हणून मी सांगते. मंगळवारपासून सुरू केलं. महिन्याभरात एम्ब्रिकनं मंडळाचं अध्यक्षपद सोडलं. टुरिड बहिणीकडं राहायला गेली ती अजून आलेली नाही. एम्ब्रिक किराणा दुकानात शिरला की शाळेतली पोरं मोजायला लागतात आणि सतरावर थांबतात. तो हल्ली किराणा पलीकडच्या खोऱ्यातून आणतो, असं म्हणतात. मला त्याची दया येत नाही. येईल असं वाटलं होतं.

ऑगस्टमध्ये सिग्ने आली, केस कापून घ्यायला. तिलाही सांगितलं. तिचा डावा हात शेवटपर्यंत कपड्याखाली होता. माझं संपल्यावर तिनं आरशातून माझ्याकडं बघितलं आणि एवढंच विचारलं, "म्हणजे तो उतरलाच नव्हता?" मी नाही म्हटलं. जाताना ती राग्नाच्या फाटकाशी बराच वेळ उभी होती. मग आत गेली. तिथं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, आणि मला माहीत नसलेली खोऱ्यातली ती एकच गोष्ट आहे.

राग्ना आता दर महिन्याला पहिल्या शनिवारी येते. खुर्चीत बसते, मी तिच्या गळ्याभोवती कापड बांधते. पांढरे, राठ केस आहेत तिचे, मागून वाकडेतिकडे कापलेले होते, ते आता सरळ होत आलेत. ती आरशातून विचारते, किती जणांना सांगून झालं. या वेळी मी म्हटलं, "त्रेसष्ट."

तिनं डोळे मिटले. मला वाटलं, झालं समाधान. मी कात्री उचलली.

"उठून मोजलेस," राग्नानं विचारलं, "की बसल्या जागी?"